सत्तावन्न वर्षांचा शिकाऊ

थ्रॉसल ब्रुअरीच्या फाटकासमोर जो पब आहे, ‘म्हातारा मेंढा’, तो मी चालवते. इमारत ब्रुअरीची, बिअर ब्रुअरीची, फक्त शिव्या माझ्या स्वतःच्या. नाव डोरीन. नवरा ब्रुअरीच्या गाडीवर होता, तो गेला, आणि त्याच्या जागी पंचवीस खुर्च्या आणि एक तुंबणारी मोरी माझ्या पदरात पडली.

ब्रुअरीचा इतिहास मालक मिस्टर नेव्हिल थ्रॉसलनी गुळगुळीत कागदावर छापून घेतलाय. पणजोबा ओबडाया थ्रॉसल यांनी म्हणे सचोटी आणि झऱ्याचं पाणी यांच्या बळावर धंदा उभारला. डोंबलाची सचोटी! ओबडाया न्हावी होता. दाढीसाठी बसलेल्या गिऱ्हाइकांना त्याची बायको परसात केलेली बिअर पाजायची, आणि लोक दाढी न करताच खुशीत घरी जायला लागले तेव्हा या गृहस्थाच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या थ्रॉसलांनी पब मिळवले ते लग्नं करून. एकानं तर पहिली बायको वारल्यावर तिच्याच बहिणीशी लग्न लावलं, कारण सासऱ्याचे पब दोन होते. हे पुस्तिकेत नाही.

साठच्या दशकात शहरातल्या बड्या कंपन्यांनी आमच्या खोऱ्यातल्या ब्रुअऱ्या एकामागून एक गिळल्या. थ्रॉसल तेवढी वाचली. का? तर निम्मे शेअर मिस्टर नेव्हिलच्या तीन आत्यांकडे होते, आणि त्या तिघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. विक्रीच्या कागदावर तिघींच्या सह्या एकत्र होणं शक्यच नव्हतं. त्या भांडणाचा पुतळा उभारायला हवा खरं तर. मग आले दाढीवाले. जाड स्वेटर घातलेली, वहीत टिपणं काढणारी ही मंडळी खरी, पिंपातच मुरत राहणारी जिवंत बिअर शोधत गावोगाव फिरायची. ती आमची बिअर प्यायली, डोळे मिटले, आणि वर्तमानपत्रांत लिहून मोकळी झाली. चार वर्षांत थ्रॉसलांचे बावीस पब होते त्याचे एकसष्ट झाले. मिस्टर नेव्हिल तर हवेतच चालायला लागले.

आता एकसष्ट पबांना पुरतील एवढी लाकडी पिंपं एकटा वॉल्ट कुठून बांधणार? म्हणून अॅल्युमिनियमची आली. गळत नाहीत, फुगत नाहीत, आणि त्यांना माणूस लागत नाही. पिंपांची शेड ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी बंद करायचं ठरलं. हे सत्त्याहत्तर सालचं सांगतेय.

वॉल्ट ओल्डरॉइड म्हणजे आमचा पिंपवाला. वय सत्तावन्न, वजन सतरा स्टोन म्हणजे शंभर किलोच्या वर, आणि मनगटं अशी की हस्तांदोलन करायला लोक घाबरत. एके काळी त्या शेडमध्ये अकरा जण होते, शेवटी हा एकटा उरला. रोज सव्वापाचला यायचा, दोन पाइंट बिअर प्यायचा आणि घरी जायचा. नाताळच्या सुमारास तिसरा प्यायला की आपल्याला कसं लोळवलं त्याची गोष्ट सांगायचा. पिंपवाल्यांची ही जुनी चाल. पाच वर्षं उमेदवारी झाली की शिकाऊ पोरानं एकट्यानं सगळ्यात मोठं पिंप बांधायचं. उस्तादानं ते पास केलं की पोराला त्याच पिंपात घालायचं, डोक्यावर काजळी, काकवी, पिसं, लाकडाचे ढलपे आणि शिळी बिअर ओतायची, आणि पिंप आडवं पाडून अंगणात तीन फेऱ्या लोळवायचं. मग तो पिंपवाला झाला. लोळवलं नाही तो शिकाऊ. मग त्याला नातवंडं का होईनात.

तर शेड बंद व्हायच्या पंधरा दिवस आधी मिस्टर नेव्हिल पितळेची एक पाटी घेऊन माझ्याकडे आले. शुक्रवारी तीनला समारंभ, पेपरवाले येणार, दाढीवाल्यांचं शिष्टमंडळ येणार. पाटीवर कोरलेलं होतं: ‘वॉल्टर ओल्डरॉइड, थ्रॉसल ब्रुअरीचे अखेरचे उस्ताद पिंपवाले.’

“कशी वाटते, वॉल्ट?” मिस्टर नेव्हिल म्हणाले.

वॉल्टनं पाटी वाचली. परत वाचली. तोंड पांढरं पडलं त्याचं. अर्धा भरलेला पाइंट तसाच ठेवून उठला आणि चालता झाला. वॉल्ट ओल्डरॉइडनं ग्लासात बिअर ठेवली! मला वाटलं ह्याला झटकाच आला. गल्ला कामाच्या पोरीच्या हाती देऊन मी त्याच्यामागे पळाले.

शेडमध्ये आपल्या ठोकळ्यावर बसला होता.

“काय झालं रे? छातीत दुखतंय का?”

“मला लोळवलेलं नाही, डोरीन.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही लोळवलं. कधीच. एकोणचाळीसच्या ऑगस्टात माझं पिंप तयार झालं. पुढच्या आठवड्यात लढाई लागली, मी गेलो. सेहेचाळीसला परत आलो तेव्हा सगळ्यांना वाटलं, लढाईच्या आधीच उरकलं असणार. मी कुणाला नाही म्हटलं नाही.”

“आणि ती गोष्ट? ती काकवी कानात गेली, तीन दिवस ऐकू आलं नाही, ती?”

“ती दुसऱ्याची. हॅलिफॅक्सच्या एका पोराची.”

मी भडकलेच. “मेल्या, तीस वर्षं मी त्या कानाला हसतेय! दर नाताळला! एकदा तर हसता हसता माझी कवळी पडली!”

 तो मान खाली घालूनच म्हणाला, “ती पाटी भिंतीवर लागली तर मला त्या रस्त्यानं जाता येणार नाही. आणि शेड बंद झाली की मग कोण लोळवणार मला? मी शिकाऊ म्हणूनच मरणार.”

एवढा मोठा बाप्या, आणि एप्रनचं टोक पिळत बसला होता. मला हसू येत होतं आणि रडूही. मी म्हटलं, “उस्ताद जिवंत आहे ना अजून तुझा?”

उस्ताद म्हणजे जेबेझ क्रॅबट्री. वय सत्त्याऐंशी, मोतीबिंदूनं जवळपास आंधळा, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात राहायचा आणि तिथल्या नर्सना जीव नकोसा करायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. वॉल्टनं टाय लावला होता. जाताना बसमध्ये चार वेळा म्हणाला की परत जाऊ या.

“कोण आहे?” जेबेझ खेकसला.

“मी, उस्ताद. वॉल्ट.”

“जाडा झालायस. पायांच्या आवाजावरून कळतं. आणि ही बाई कोण? बायको?”

“देवानं वाचवलं,” मी म्हटलं. “पबवाली आहे. याला तुमच्याकडे काही मागायचंय.”

वॉल्टनं कसंबसं सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, “लढाईमुळे राहिलं, असं सांगत फिरतोस ना तू?”

वॉल्ट टाय सैल करायला लागला.

“सांग की बाईला. तुझं पिंप मी पास केलं नव्हतं.”

मी वॉल्टकडे बघितलं. कान लाल झाले होते त्याचे. “गळत होतं,” तो म्हणाला. “थोडंसं.”

“का रे, आणखी किती थापा आहेत तुझ्या पोतडीत?” मी म्हटलं. “एकदाच सगळ्या काढ, म्हणजे मला एकदाच संतापता येईल.”

म्हातारा हसला नाही. “नवीन पिंप बांध,” तो म्हणाला. “सगळ्यात मोठं. एकट्यानं. शुक्रवारी मी येतो. पास झालं तर लोळवीन, नाही झालं तर नाही. तू शिकाऊ मेलास काय आणि बिशप होऊन मेलास काय, मला सारखंच.”

असलं मोठं पिंप आमच्याकडे वीस वर्षांत कुणी बांधलं नव्हतं. दोनशे पंचेचाळीस लिटरचं धूड. वॉल्टनं माळ्यावरचं ठेवणीतलं ओक काढलं आणि दहा दिवस घाम गाळला. फळ्या तासल्या, उभ्या केल्या, आत विस्तव पेटवला, लाकूड तापून वाकायला लागलं की भोवती फिरत लोखंडी कडी ठोकायची. ठणठण इकडे माझ्या ग्लासांना ऐकू जायची. पबात यायचं त्यानं बंदच केलं. पाइंट मी तिकडे पोचवायचे, आणि तोही अर्धाच प्यायचा. मी म्हटलं, बरं आहे, मावायला नको का त्यात!

ते मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. एकोणचाळीस साली तो नऊ स्टोनचा होता.

शुक्रवारी दुपारी एकला जेबेझ चाकांच्या खुर्चीत आला. ब्रुअरीच्या गाडीवरचे रेग आणि मॉरिस त्याला ढकलत होते, आणि दर खाचेला तो त्यांच्या आयांची चौकशी करत होता. शेडमध्ये आम्ही एवढेच. पिंप मधोमध उभं. खरं सांगते, मला लाकडातलं काही कळत नाही, पण ते देखणं होतं. बाप रे, काय देखणं होतं!

वॉल्टनं भोकातून उकळतं पाणी ओतलं आणि बूच ठोकलं. रेग-मॉरिसनं पिंप आडवं करून हलवलं. आत वाफ कोंडली की जरा जरी फट असेल तिथून पाणी बाहेर येतं, ही त्यांची परीक्षा. पुन्हा उभं केलं. म्हाताऱ्यानं खुर्ची जवळ घ्यायला लावली आणि दोन्ही तळवे पिंपावर ठेवले. दिसत नव्हतंच त्याला. एकेका फळीवरून वरून खाली हात फिरवायला लागला. सावकाश. 

मी वॉल्टच्या बाजूला, म्हाताऱ्याच्या समोरच्या अंगाला उभी होते. आणि मला दिसलं. खालच्या कड्याच्या जरा वर, दोन फळ्यांच्या सांध्यात, पाण्याचा एक थेंब. फुगला, घरंगळला, आणि त्याच्या जागी दुसरा आला.

वॉल्टनंही बघितला. त्याचा हात एप्रनच्या खिशात गेला. तिथे चरबीचा गोळा असतो त्यांचा, हत्यारांना लावायला. अंगठाभर चरबी सांध्यात दाबली की थेंब बंद, आणि ओल्या पिंपावर त्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या हाताला कळलंही नसतं. तो हात अजून सहा-सात फळ्या दूर होता.

वॉल्टचा हात खिशातच राहिला. बाहेर येईना.

मला राहवेना. म्हटलं, खड्ड्यात जाऊ दे खरं-खोटं, दहा दिवस जनावरासारखा राबलाय हा माणूस. माझ्या खांद्यावर ग्लास पुसायचं फडकं होतं. मी ते हळूच काढलं आणि थेंब टिपायला वाकले. वॉल्टनं माझं मनगट धरलं. त्या पंज्यानं! आठ दिवस काळंनिळं होतं.

“राहू दे, डोरीन,” तो म्हणाला. मग मोठ्यानं: “उस्ताद, गळतंय. या बाजूला, खालच्या कड्यापाशी.”



म्हातारा थांबला. “किती?”

“थेंब थेंब.”

“मग कडं ठोक की, गाढवा! माझ्या तोंडाकडे काय बघतोस?”

वॉल्टनं हातोडा घेतला आणि पिंपाभोवती फिरत कडं खाली ठोकलं. तीन फेऱ्या. थेंब बारीक झाला, पण थांबला नाही.

“अजून आहे, उस्ताद.”

“असणारच. नवं ओक आहे ते, रडणारच थोडं. उद्या सकाळपर्यंत लाकूड फुगेल आणि बंद होईल. माझं पहिलं पिंप दोन दिवस रडत होतं.” म्हाताऱ्यानं पाटलोणीला हात पुसले. “एकोणचाळीसलाही एवढंच गळत होतं.”

वॉल्टच्या हातातला हातोडा तसाच राहिला. “एवढंच? मग पास का नाही केलंत?”

“तू चरबी भरलीस म्हणून. बोट लावल्यावर कळलं मला. गळण्याचं काही नाही रे, सगळ्यांचंच गळतं. पण जो लपवतो त्याच्या पिंपातली बिअर कुठे जाते ते कधी कळत नाही.”

“तेव्हाच बोलायचं होतंत!”

“तू येऊन सांगशील म्हणून वाट बघत होतो. आठवडाभर बघितली. मग तो हिटलर मधे कडमडला.”

“आणि परत आलो तेव्हा?”

म्हातारा जरा ओशाळला. तेवढंच एकदा ओशाळलेला मी त्याला बघितला. “परत आलास तेव्हा अकरातली सात माणसं कमी झाली होती. मला हात हवे होते. लाज दोघांनी सोडली, तू एकट्यानं नाही.” मग एकदम ओरडला, “बघताय काय? झाकण काढा! घाला त्याला आत!”

पिंप रिकामं केलं, वरचं झाकण काढलं, वरची कडी सैल केली. वॉल्ट ठोकळ्यावर चढून आत उतरला. पाय गेले, गुडघे गेले. पोटाशी अडकलं.

“श्वास सोड!” म्हातारा ओरडला.

“सोडलाय!”

“मग मागच्या आठवड्यातलाही सोड!”

रेग एका खांद्यावर, मॉरिस दुसऱ्यावर, आणि मी चक्क डोक्यावर बसले. आत गेला एकदाचा. मग मी आणलेली काकवी ओतली, त्यावर काजळी, ढलपे, माझ्या जुन्या उशीतली पिसं, आणि दोन बादल्या उरलीसुरली बिअर. म्हाताऱ्यानं हातोडा मागितला आणि चाचपत, थरथरत वरच्या कड्यावर तीन घाव घातले. एक माझ्या बोटावर बसला, पण त्या दिवशी मी काही बोलले नाही. मग आडवं पाडून अंगणात लोळवलं. एक फेरी. दोन. आतून वॉल्ट काय काय ओरडत होता ते मी लिहिणार नाही, मी चर्चमध्ये फुलं लावते.

तिसऱ्या फेरीला मिस्टर नेव्हिल फाटकातून आत आले. मागे पेपरचा फोटोग्राफर आणि नऊ दाढ्या. तीनचा समारंभ, पण बिअरच्या वासानं मंडळी दोनलाच आली होती. पिंप येऊन त्यांच्या पायाशी थांबलं, आणि त्यातून काळंकुट्ट, पिसं लागलेलं एक डोकं बाहेर आलं.

“हे... हे काय आहे?” मिस्टर नेव्हिल म्हणाले.

“तुमचा पिंपवाला,” जेबेझ म्हणाला. “नुकताच झालाय.”

त्याला बाहेर काढायला अर्धा तास गेला. दाढीवाल्यांपैकी एकानं करवत सुचवली, तर वॉल्ट आतून असा डाफरला की तो बिचारा कुंपणापर्यंत मागे गेला. शेवटी कडी काढून फळ्या उलगडल्या आणि तो मधोमध उभा राहिला, आंघोळीच्या टबात उभ्या असलेल्या बाळासारखा. मिस्टर नेव्हिलनी घसा साफ करून पाटी पुढे केली.

“नको, मिस्टर नेव्हिल,” वॉल्ट म्हणाला. “उस्ताद कसला? मला पिंपवाला होऊन पाऊण तास झालाय.” आणि तो आत शेडमध्ये निघून गेला.

समारंभ झाला तो झालाच. भाषणं झाली, फोटोही निघाला. सोमवारच्या पेपरात मिस्टर नेव्हिल हातात हातोडा धरून उभे आहेत, उलटा.

मी चारच्या सुमारास पाइंट घेऊन शेडमध्ये गेले. वॉल्ट तसाच, पिसांसकट, कामाला लागला होता. उलगडलेल्या फळ्या पुन्हा उभ्या करून कडी चढवत होता. जेबेझ शेजारी खुर्चीत बसून नुसत्या आवाजावरून सांगत होता, “डावीकडे कमी बसलं. हां. आता बरोबर.” बाहेर अॅल्युमिनियमच्या पिंपांचा ट्रक लागला होता आणि ती उतरवतानाचा खडखडाट ऐकू येत होता. दोघांनीही तिकडे बघितलं नाही. मी एका बाजूला बसले. कुणी जा म्हणालं नाही.

पाचचा भोंगा झाला. शेवटचं कडं अर्धवट होतं. वॉल्टनं ते पुरतं ठोकलं, पिंपाला एक चक्कर मारली, हत्यारं पुसली आणि भिंतीवर ओळीनं टांगली. मग पाइंट उचलला आणि पूर्ण प्यायला.

“झालं,” तो म्हणाला. “गेली नोकरी.”

 सरळ सांगते, मी रडायलाच लागले. “तीन तास, वॉल्ट! तीनच तास मिळाले तुला पिंपवाला म्हणून!”

“अगं, पण सकाळी गेली असती तर कुणाची गेली असती?” तो म्हणाला. “शिकाऊ पोराची. आता पिंपवाल्याची गेली. माझी गेली.” आणि हे बोलताना तो काळ्या तोंडानं हसत होता, आणि काकवीतून दोन ओघळ खाली येत होते.

जेबेझनं हात पुढे केला, चाचपत. वॉल्टनं तो धरला. बराच वेळ कुणी सोडला नाही. मग म्हातारा म्हणाला की हात चिकटलेत, कुणीतरी गरम पाणी आणा, आणि मी पाणी आणायला गेले.